एजफील्ड : एका पूअर फार्मचं हॉटेल कसं झालं

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंड शहरातून पूर्वेकडे निघालं, की साधारण २५ किलोमीटरवर ट्राउटडेल हे छोटं गाव लागतं. कोलंबिया नदीच्या प्रसिद्ध घळईचं हे प्रवेशद्वार. मल्टनोमा धबधब्याकडे निघालेले बहुतेक पर्यटक महामार्गावरून तसेच पुढे जातात. गावाच्या अलीकडे, हॅल्सी रस्त्यावर, झाडीत एक लांबलचक जुनी इमारत आहे. पुढे ऐसपैस व्हरांडा, आजूबाजूला लहानमोठी कोठारं आणि पडव्या, वर डोकं काढून उभी असलेली पाण्याची टाकी. हे एजफील्ड. ७४ एकरांच्या या आवारात आज शंभराहून अधिक खोल्यांचं हॉटेल आहे, ब्रुअरी आहे, वायनरी आहे, सिनेमागृह आहे, कोपऱ्याकोपऱ्यात बार आहेत, आणि उन्हाळ्यात हजारो माणसं गवतावर बसून गाणं ऐकतात.

जुन्या वास्तूचं हॉटेल म्हटलं की आपल्याला राजवाडा आठवतो. सावंतवाडीचा राजवाडा, हैदराबादचा फलकनुमा, जोधपूरचं उमेद भवन. तिथे झुंबरं, दिवाणखाने आणि घराण्याचं नाव आयतंच मिळतं. एजफील्डच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नव्हतं. ही वास्तू बांधली गेली ती ज्यांना कुठेच आसरा नव्हता अशा माणसांसाठी. म्हणून तिचं हॉटेल कसं झालं हे समजून घेण्यात मला राजवाड्यांपेक्षा जास्त रस आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेत निराधारांची जबाबदारी कौंटीवर, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्हा प्रशासनावर, असायची. म्हातारे, अपंग, आजारी, कामावरून निघालेले मजूर, विधवा अशांना कौंटी एका ठिकाणी ठेवी आणि त्या ठिकाणाला शेती जोडून देई. ज्याला झेपेल त्याने शेतात राबायचं, पिकेल ते सगळ्यांनी खायचं, म्हणजे कौंटीच्या तिजोरीवर भार कमी, असा हिशेब. याला पूअर फार्म म्हणत. पोर्टलंड ज्या मल्टनोमा कौंटीत येतं, तिचं जुनं पूअर फार्म शहराच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर होतं. तिथली अवस्था इतकी वाईट होती की त्यावरून बोभाटा झाला. मग ट्राउटडेलजवळ नवी जागा घेऊन १९११ मध्ये हे दुसरं फार्म सुरू झालं. मुख्य इमारत त्या वेळच्या मानाने चांगलीच बांधली. रहिवाशांनी गाई सांभाळल्या, डुकरं आणि कोंबड्या पाळल्या, भाजीपाला आणि फळं पिकवली. फळं-भाज्या डबाबंद करायला स्वतंत्र कॅनरी होती, कपडे धुवायला लाँड्री होती, उष्णता आणि वीज पुरवणारं छोटं केंद्र होतं. आपल्यापुरतं भागवून उरलेलं अन्न कौंटीच्या रुग्णालयाला आणि तुरुंगालाही जाई. एका वसतिगृहापेक्षा हे एक छोटं गावच होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच उभं राहिलं.

महामंदीच्या काळात, १९३५ च्या सुमारास, इथे सहाशेच्या वर माणसं राहत होती. त्याच वर्षी अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. वृद्धांना सरकारी मदत मिळू लागली, पण एका अटीवर: सरकारी आश्रमात राहणाऱ्याला ती मिळणार नव्हती. बाहेर राहिलात तर हातात पैसे, आत राहिलात तर नाहीत. देशभरातली पूअर फार्म्स या एका अटीने रिकामी होत गेली. शिवाय दुसऱ्या महायुद्धाने कारखान्यांत कामं आणली. एजफील्डमध्ये मागे राहिले ते फार म्हातारे आणि फार आजारी. शेती हळूहळू बंद झाली आणि साठच्या दशकात ही जागा एजफील्ड मॅनर नावाचं शुश्रूषागृह झाली. १९८२ मध्ये तेही बंद पडलं.

पुढची काही वर्षं इमारत ओस होती. काचा फुटल्या, भिंती रंगाच्या फवाऱ्यांनी बरबटल्या, नळ फुटून पाणी आत मुरलं. जुनी वास्तू पडते ती बहुतेकदा अशीच, पाण्याने. कौंटीला ती पाडून जमीन विकायची होती. ट्राउटडेल हिस्टॉरिकल सोसायटी या गावातल्या इतिहासप्रेमींच्या संस्थेने विरोध सुरू केला आणि वर्षानुवर्षं तो चिकाटीने चालवला. लोकांना वाटतं की अशा लढाईत वास्तू वारसायादीत गेली की जिंकलं. तसं नसतं. एजफील्ड १९९० मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं खरं, पण या नोंदवहीने खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल, तर मालक नोंदलेली इमारतसुद्धा पाडू शकतो. आड येईल तो राज्याचा किंवा गावाचा एखादा स्थानिक नियम. नोंद ही प्रतिष्ठा देते, आणि तिच्यासोबत एक पैशाचं दार उघडते.

ते दार असं. नोंदलेली इमारत उत्पन्न देणारी असेल, म्हणजे हॉटेल, दुकान, कार्यालय, भाड्याची घरं अशी, आणि तिची दुरुस्ती ठरलेल्या निकषांनुसार केली, तर मान्य खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाला केंद्रीय प्राप्तिकरातून वजा करून मिळते. अट अशी की खर्च भरघोस हवा. नुसता रंग मारून भागत नाही. आणि स्वतः राहण्याच्या घराला ही सवलत नाही. ओरेगनने तर १९७५ मध्येच आणखी एक योजना आणली: ऐतिहासिक इमारत दुरुस्त करा, आम्ही तिचं करपात्र मूल्य काही वर्षं गोठवून ठेवतो. कारण साधं आहे. पडकी इमारत सुधारली की तिची किंमत वाढते, किंमत वाढली की मालमत्ता कर वाढतो, म्हणजे चांगलं काम करणाऱ्यालाच दंड. तो दंड सरकारने पुढे ढकलला. कुठल्या वास्तूने यातलं काय घेतलं हे ज्याच्या त्याच्या हिशेबात असतं, पण अमेरिकेत जुन्या गिरण्या, शाळा आणि गोदामांची एवढी हॉटेलं का झाली याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

एजफील्ड १९९० मध्ये माइक आणि ब्रायन मॅकमेनामिन या दोन भावांनी घेतलं. भाऊ पबवाले. १९८३ पासून पोर्टलंडमध्ये त्यांचे पब होते. १९८५ पर्यंत ओरेगनमध्ये बिअर गाळणाऱ्याला ती आपल्याच जागेत गिऱ्हाइकाला विकायची मुभा नव्हती. त्या वर्षी कायदा बदलला आणि त्याच वर्षी भावांनी पोर्टलंडच्या हिल्सडेल भागात ब्रूपब काढला. दारूबंदी उठल्यानंतरचा राज्यातला तो पहिला. दोन वर्षांनी एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांनी पडदा लावला आणि सिनेमा पाहता पाहता बिअर पिण्याची सोय केली. मोडकी जागा स्वस्तात घ्यायची आणि तिचा विचित्रपणा लपवण्याऐवजी मिरवायचा, हे त्यांना तोवर जमलेलं होतं. तरी एजफील्डचा आवाका वेगळा होता. इतकी मोठी पडकी वास्तू एका दमात दुरुस्त करायला गेलं, तर पहिला पाहुणा येण्याआधीच माणूस कर्जात बुडतो.

त्यांनी एका दमात केलं नाही, आणि सगळी गंमत इथे आहे. १९९० मध्येच तळघरात वायनरी सुरू झाली. तळघराला ना रंगरंगोटी लागते ना पलंग, आणि जमिनीखालचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखं असल्यामुळे वाइन मुरवायला ते आयतं उपयोगी. १९९१ मध्ये जुन्या कॅनरीत ब्रुअरी आली. फळं डबाबंद करायला जे लागतं, धुऊन काढता येणारी जमीन, सांडपाण्याला उतार, वाफ, मोठी भांडी हलवण्याइतकी मोकळी जागा, तेच बिअर गाळायला लागतं. जिथे वाफ, वीज आणि लाँड्री होती त्या पॉवर स्टेशनच्या इमारतीत पब आणि सिनेमागृह झालं. पूर्वीच्या प्रशासकाच्या घरात पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. सगळ्यात मोठी, सगळ्यात खर्चिक अशी मुख्य इमारत नंतर हातात घेतली. तोवर आवारातल्या छोट्या इमारती कमवायला लागल्या होत्या. आपल्याकडे एखादा वाडा ‘विकसित’ करायचा म्हटलं की आधी अख्खा आराखडा, अख्खं कर्ज आणि मग वर्षानुवर्षं ताडपत्री. इथे एका खोलीने दुसऱ्या खोलीचा खर्च काढला.

आणि हे शक्य झालं ते फार्म म्हणजे छोटं गाव होतं म्हणूनच. एकच भव्य इमारत असती तर तुकडे पाडता आले नसते. दहा-बारा वेगवेगळ्या कामांसाठी बांधलेल्या इमारती असल्यामुळे प्रत्येकीला नवीन काम शोधता आलं. जुनी पडवी पाडली नाही, तिच्यात आठ-दहा माणसं मावतील एवढा बार घातला, आत शेकोटी पेटवली. एका बुटक्या इमारतीला जेरीज आइस हाउस असं नाव आहे. हा जेरी म्हणजे ग्रेटफुल डेड या बँडचा गायक जेरी गार्सिया. भाऊ या बँडचे निस्सीम चाहते, त्यामुळे तो बार म्हणजे जवळजवळ देव्हाराच झाला आहे.

आता आतून पाहू. मुख्य इमारतीत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतात ते लांब बोळ आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची दारं. ही रचना हॉटेलाची नव्हे, आश्रमाची. खोल्या त्या मानाने साध्या, आणि बहुतेक खोल्यांना स्वतःचं स्नानगृह नाही. बोळाच्या टोकाला सामाईक न्हाणीघरं आहेत. खोलीत झगे टांगलेले असतात, ते अंगावर घालायचे आणि जायचं. आपल्या काही मंडळींना हे ऐकूनच धक्का बसतो. पण विचार करा, शंभर खोल्यांत शंभर स्नानगृहं घालायची म्हणजे प्रत्येक मजल्याची जमीन फोडून नळ न्यायचे, खोल्यांचा आकार घटवायचा, जुन्या भिंती तोडायच्या. तेवढा खर्च टाळल्यामुळे भाडं आवाक्यात राहिलं आणि इमारतीचा सांगाडाही जागेवर राहिला. स्वतंत्र स्नानगृहाच्या थोड्या खोल्या आहेत, त्या महाग आणि लवकर संपणाऱ्या. अगदी कमी पैशांत राहायचं असेल तर पुरुषांची आणि स्त्रियांची वेगळी डॉर्मिटरीही आहे. खोलीत टीव्ही नाही, फोन नाही. हे मुद्दाम. पाहुणा खोलीत पडून राहिला तर पब, सिनेमा आणि गोल्फ कोण चालवणार? मला यात व्यापारी हुशारी दिसते आणि ती आवडतेही.

भिंतींकडे मात्र सावकाश बघा. कंपनीने चित्रकार कामाला लावले, आणि त्यांनी फक्त फ्रेमा टांगल्या नाहीत. दारं, नळांचे पाईप, विजेच्या पेट्या, चौकटी, जे हाताशी आलं ते रंगवलं. विषय इथल्याच इतिहासातले. फार्मवर राहिलेली माणसं, परिचारिका, शेतमजूर, डुकरं, गाई, नदीची घळई, आणि मधूनच चित्रकाराच्या डोक्यातले चित्रविचित्र प्राणी. जोडीला बोळांत जुने फोटो आहेत. यामागेही शिस्त आहे: कंपनीने स्वतःचा इतिहासकार नेमला, त्याने कागदपत्रं चाळली, जुन्या लोकांच्या आठवणी नोंदवल्या आणि त्यातून चित्रकारांना विषय मिळाले. एका खोलीत भूत दिसतं, दुसरीत आवाज येतात, अशा कथाही पाहुण्यांमध्ये भरपूर फिरतात. त्या ऐकायला हरकत नाही, पण माझ्या मते त्या नाहक आहेत. जिथे शेकडो माणसं एकाकीपणात म्हातारी झाली आणि मेली, तिथे खरी हकिगत पुरेशी आहे.

इथे एक टोचणारा प्रश्न येतोच. ज्या जागी लोक भुकेपायी आले, तिथे आज आपण वाइन पीत गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचं, हे बरं दिसतं का? मला वाटतं, विस्मरणापेक्षा बरं. पाडून टाकलं असतं तर तिथे दुसरं काहीतरी उभं राहिलं असतं आणि पूअर फार्म हा प्रकार होता हेही कुणाला आठवलं नसतं. पण चित्रं गोड आहेत, हेही खरं. फार्मवरची सक्ती, लाज, स्त्री-पुरुषांना वेगळं ठेवणं हे त्यांच्यात फारसं सलत नाही. करमणुकीच्या जागेकडून तेवढी अपेक्षा करू नये, आपण वाचून जावं.

आवारात करण्यासारखं काय? दोन छोटी गोल्फ मैदानं आहेत, पण गोल्फ न येणाऱ्यांसाठीच जणू. अंतरं अगदी कमी, एक-दोन काठ्या आणि चेंडू भाड्याने घ्यायचे, वाटेत बारवर थांबायचं. गंभीर गोल्फर इथे वैतागेल. बागा उत्तम आहेत. त्यातला भाजीपाला आणि वासाच्या पानांच्या वनस्पती स्वयंपाकघरात जातात. छोटा द्राक्षमळा आहे. डिस्टिलरी आहे. काच फुंकण्याचं आणि मातीच्या भांड्यांचं काम चालतं. बाहेरचं गरम पाण्याचं कुंड राहणाऱ्या पाहुण्यांना खोलीच्या भाड्यातच मिळतं. सिनेमागृहात जुन्या धाटणीने, खाद्यपेय सोबत घेऊन बसता येतं. काहीही न करता सगळ्या इमारतींतून भटकलं तरी चालतं, आणि त्याला तिकीट नाही. हॉटेलात राहणं सक्तीचं नाही.

मैफलींचं गणित वेगळं आहे. ओरेगनच्या या भागात पाऊस ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेंगाळतो आणि उन्हाळा मात्र कोरडा, लांब दिवसांचा असतो. रात्री नऊपर्यंत उजेड. म्हणून उघड्या हिरवळीवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोठमोठ्या कलावंतांचे कार्यक्रम होतात. खुर्च्यांच्या रांगा नसतात. सतरंजी किंवा बुटकी खुर्ची आणायची आणि लवकर येऊन जागा धरायची. काय आणता येईल याचे नियम बदलतात, तिकिटासोबत येतात ते वाचा. हॉटेलसाठी ही रात्र सुगीची: खोल्या भरतात, बार भरतात, आणि या पैशावर हिवाळ्यातली मरगळ निघते. पाहुण्यासाठी हीच रात्र थोडी त्रासाची, कारण वाहनतळ तुडुंब, जेवायला रांगा आणि आवाज.

हिवाळ्यात गेलात तर वारा भेटेल. ट्राउटडेलचा पूर्वेचा वारा पोर्टलंडकरांना चांगलाच ठाऊक आहे. कास्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला थंड, जड हवा साठते. पश्चिमेला दाब कमी असला की ती हवा डोंगरातल्या मोठ्या खिंडाराकडे, म्हणजे कोलंबियाच्या घळईकडे धावते आणि तिच्या पश्चिम तोंडाशी ट्राउटडेल बसलेलं आहे. कानटोपी न्या. अशा दिवशी छोट्या बारमधल्या शेकोटीपाशी बसणं हेच एजफील्डचं खरं सुख, असं माझं मत.

हिल्सबोरो आणि बीव्हर्टन भागात इंटेल आणि इतर कंपन्यांमुळे मराठी कुटुंबं आहेत, आणि त्यांच्याकडे महाराष्ट्रातून आलेले आईवडील महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. दारू घ्यायची असेल तर वय २१ हवं आणि पांढरे केस पाहूनही ओळखपत्र मागतात. भारतीय पाहुण्याने पासपोर्ट जवळ ठेवावा. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे मेनूवरची किंमत तीच बिलावर येते, पण खोलीवर कर लागतो आणि वेटरला १८ ते २० टक्के टिप द्यायची पद्धत आहे. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. योगायोग असा, की गार्डनबर्गर ही अमेरिकेत गाजलेली शाकाहारी पॅटी शेजारच्या ग्रेशम गावातल्या एका छोट्या उपाहारगृहात जन्मली. मसालेदार टेटर टॉट्स, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले गोळे, ही या कंपनीच्या पबांची खासियत. आपल्या जिभेला ते लगेच रुचतात. वयस्क मंडळींसाठी खोली घेताना लिफ्टपासूनचं आणि न्हाणीघरापासूनचं अंतर आधी विचारा, आणि शक्य असेल तर स्वतंत्र स्नानगृहाची खोली घ्या. रात्री दोनदा उठणाऱ्याला लांब बोळ गमतीचा वाटत नाही.

ट्राउटडेल लांब वाटत असेल तर हिल्सबोरोच्या पश्चिमेला फॉरेस्ट ग्रोव्हमध्ये याच कंपनीचं ग्रँड लॉज आहे. १९२२ मध्ये मेसॉनिक संघटनेने बांधलेलं ते वृद्धाश्रम होतं. पोर्टलंड शहरात केनेडी स्कूल आहे, १९१५ ची प्राथमिक शाळा. तिथे वर्गखोल्यांमध्ये मुक्काम करता येतो आणि खडूचे फळे अजून भिंतीवर आहेत. दोन्ही पाहण्यासारखी आहेत, पण आवार म्हणून एजफील्डची सर त्यांना नाही.

एकच मुक्काम करणार असाल तर मैफल नसलेला, आठवड्याच्या मधला दिवस निवडा. सकाळी मल्टनोमा धबधबा आणि जुना कोलंबिया नदी महामार्ग पाहून घ्या, दुपारी एजफील्डला या, आणि अंधार पडण्याआधी सगळ्या इमारतींना एक फेरी मारा. धबधबा वगळून थेट येणार आणि पिणार असाल तर गाडी घरीच ठेवा. पोर्टलंडहून हॅल्सी रस्त्याने येणारी ७७ क्रमांकाची बस जवळच थांबते.